बिरस्याची डुलकी

सर, आधी वाईट बातमी सांगते. तुमच्या श्रद्धांजलीच्या जाहिरातीत फोटो चुकला.

यात मनोजचा फारसा दोष नाही. तुमचा एक धड फोटो घरात सापडेल तर शपथ. प्रत्येक फोटोत तुम्ही कोणावर तरी ओरडताय. तोंड उघडं, बोट वर, नजर डावीकडे कुठंतरी. शेवटी तुमच्या या लेकाला कपाटाच्या तळाशी एक फोटो मिळाला, त्यात तुम्ही शांत बसून समोर पाहताय. त्यानं रडत रडतच तो मोबाइलवरून पेपरवाल्यांना पाठवून दिला. तो तुमच्या 'काठावरची माय' नाटकातला होता. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि मिशी लपवायला पदराचं टोक दातांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बालाघाटनं तो फोटो पाहिला. खाली नाव तुमचंच होतं, 'दौलतराव गुरुजी, सेवानिवृत्त शिक्षक, नाटककार', पण काळ्या चौकटीतलं वाचत कोण बसतं? माणसं फोटो पाहतात, पत्ता ओळखीचा निघाला की चपला घालतात. गोंदियाचे तुमचे जुने मित्र राजेगावच्या रस्त्यानं स्कूटर दामटत आले. दार काकूंनी उघडलं. ते दोन पावलं मागे सरकले आणि पायरीवरून खाली गेले ते थेट तुळशीपाशी थांबले.

"वहिनी, तुम्ही?"

"हौ, मीच आहो," काकू म्हणाल्या. "ते गेले. बसा, चहा टाकतो."

तुम्ही गेल्यापासून काकू चार दिवस नुसत्या भिंतीकडे पाहत होत्या. त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन त्यांनी पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, आता बांध फुटला. तर त्या हसत होत्या. "विमल, पाय ना बाप्पा," त्या म्हणाल्या, "माह्या मौतीचा चहा मीच पाजून राह्यली." मग हसता हसता रडल्या, आणि मीही रडले. तेव्हा त्या फोटोबद्दल मनोजवर रागावू नका. तुम्ही हयातभर लिहिलेल्या विनोदी प्रवेशांपैकी एकानंही काकूंना इतकं हसवलं नव्हतं.

तुमचा जन्म कधीचा, नाटकं किती, सत्कार कुठं झाले, हे सगळं पेपरात आलं आणि त्यातलं अर्धं चुकलं. मी ते दुरुस्त करायला बसलेली नाही. आपला एक वाद अर्धवट राहिला आहे, तो घेऊन बसले आहे. तुम्ही असे मध्येच उठून गेलात म्हणून तो संपला असं समजू नका. बिरसा गावच्या प्रयोगाला, त्या दुपारी तुम्ही झोपला होतात, की मुद्दाम गप्प बसला होतात? बावीस वर्षं मी हेच विचारते आहे. तुमच्याकडून मला आयुष्यात दुसरं काही नको होतं, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तुम्ही दिलं नाहीत.

सुरुवातीपासून सांगते, कारण तुम्ही प्रत्येक वेळी सुरुवात वेगळी सांगायचात.

तुम्ही मला राइस मिलमध्ये शोधलं. 'नाट्यवर्गासाठी निवड केली' वगैरे जे तुम्ही भाषणात सांगत होतात ते खोटं आहे. मी बाबांबरोबर किरनापूरहून धान भरडायला आले होते आणि कोंड्यावरून मिलवाल्याशी भांडत होते. तांदूळ आमचा, मग कोंडा तुमचा कसा, असं माझं म्हणणं होतं. वर यंत्र धडधडत होतं आणि त्याच्या वरून माझा आवाज चालला होता. मागच्या शेडमध्ये तुमचा रविवारचा नाट्यवर्ग भरलेला. तुम्ही वर्ग सोडून बाहेर आलात, माझ्याकडे न पाहता बाबांना म्हणालात, "पोरगी तुमची का? हिचा आवाज मशीनच्या वरून जाऊन राह्यला. मले पाहिजे."

बाबांना वाटलं तुम्ही मिलचे मालक आहात आणि तक्रार करताय. त्यांनी आधी माफी मागितली. नाटकाचं कळल्यावर त्यांनी एकच अट घातली: किरनापूरची शेवटची बस चुकता कामा नये. तुम्ही ती अट अशी पाळलीत की पुढं आपलं प्रत्येक नाटक दुपारी तीनला सुरू झालं आणि बसच्या वेळेला संपलं. उशीर व्हायला लागला की तुम्ही प्रवेशच्या प्रवेश गाळायचात. एकदा तर खून कोणी केला हे न कळताच प्रेक्षक स्टँडकडे पळाले. पुढच्या आठवड्यात बाजारात भेटणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही खुन्याचं नाव सांगत फिरलात.

मिलच्या शेडमध्ये तुम्ही आम्हाला काय शिकवलंत? ओरडायला. दुसरं काही ऐकूच येत नसे. प्रेमाचा प्रवेश असो की मरणाचा, शेजारी धान भरडलं जात होतं. कोंड्याची धूळ नाकातोंडात जायची आणि नायक नायिकेला शिंकत शिंकत मागणी घालायचा. तुमचे विद्यार्थी आजही फोनवर बोलायला लागले की शेजारच्या घरातून उत्तर येतं. आणि तुमची शाबासकी तरी कसली? "आवाज मागपर्यंत गेला." एवढंच. कोणी रंगमंचावर जीव ओतो, कोणी पडून पाय मोडो, आवाज मागपर्यंत गेला. शाळेत तुम्ही गणित शिकवायचात, तिथंही पैकीच्या पैकी कधी कोणाला दिले नाहीत, असं ऐकलं आहे.

'काठावरची माय' तुमचं सगळ्यात गाजलेलं नाटक. नदीच्या अलीकडे माय, पलीकडे दिलेली लेक. भांडण होऊन गेलेली लेक बारा वर्षांनी येते, उंबऱ्याच्या आत काही येत नाही, उभ्या उभ्या चार शब्द बोलते आणि म्हणते, "येतो मी." मग माय म्हणते, "बस. जेवून जा." नाटक संपलं. तीन शब्दांचं शेवटचं वाक्य. त्यासाठी तुम्ही दोन वर्षं घेतलीत, असं तुम्हीच सांगायचात. काकू म्हणायच्या, "मी रोज म्हणतो तेच लिहिलन्, आन् दोन वर्षं लागली म्हणे."

मी येण्याआधी ती माय तुम्हीच करत होतात, कारण काम करायला बाई मिळत नव्हती. मिशी काढायला तुम्ही तयार नव्हतात. म्हणून तुमच्या नाटकातल्या सगळ्या आया पदर दातांत धरून बोलायच्या आणि समीक्षा लिहिणाऱ्या एका प्राध्यापकांना त्यात स्त्रीची घुसमट दिसली होती. मी आल्यावर तुम्ही ती नऊवारी माझ्या हातात दिलीत, सेफ्टी पिनांसकट, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तेव्हा मला वाटलं, मी काही चुकले. आता कळतं. आपलं काम दुसऱ्याच्या हातात देणं किती जड जातं, ते मला गेल्या पंधरवड्यात कळलं. त्याकडे मी येतेच आहे.

आपल्याकडे नाटक पाठ करायची पद्धत नव्हती. काम करणारे दिवसभर दुकानात नाही तर शेतात धानाच्या रोवणीला, पाठ करणार केव्हा? म्हणून विंगेत बसलेला प्रॉम्प्टर सगळं नाटक वाचायचा आणि नट ते उचलून बोलायचे. तुमच्या मंडळीत प्रॉम्प्टर कोण असणार? डाव्या विंगेत लाकडी स्टूल, मांडीवर वही, ओळीवर बोट. आणि तुम्ही नुसतं वाचत नव्हतात, सगळी कामं करत होतात. रडण्याच्या जागी रडत होतात. डावीकडे बसलेले प्रेक्षक आमच्याकडे पाहतच नसत, ते तुमच्याकडे पाहत. नाटक दोनदा ऐकायला मिळतं म्हणून लोक डावीकडे आधी जागा धरायचे.

मला सगळं पाठ असायचं. मी किती वेळा म्हणाले, "सर, मला सांगू नका. माझं मला येऊ द्या."

"माणूस विसरते," तुम्ही म्हणायचात.

"मी नाही विसरत."

"तू नाई विसरत हे तू विसरशील तवा समजंल."

तुम्ही सांगत राहिलात आणि मी तुमच्या आधी बोलायचा प्रयत्न करत राहिले. आपल्या शर्यतीमुळे नाटक वीस मिनिटं लवकर संपायला लागलं. बसवाले खूश होते.

आणि मग बिरसा. टेम्पोत सामान, सामानावर आपण, आणि तो जंगलातला रस्ता. सरपंचांकडे जेवण होतं. कढी-भात, परत कढी-भात. तुम्ही किती जेवलात ते मी मोजलं नाही, पण वाढणारी बाई दोनदा बदलली. शाळेच्या मैदानात मांडव. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना मराठी येत नव्हतं. तरी बायका लेकरं मांडीवर घेऊन टक लावून पाहत होत्या.

शेवटचा प्रवेश आला. लेक म्हणाली, "येतो मी." आणि मी विसरले.

तीन शब्द, सर. शेकडो वेळा बोललेले. डोकं असं रिकामं झालं की मी कोण, हे कुठलं गाव, हेही आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी मदतीसाठी डावीकडे पाहिलं. तुम्ही स्टुलावर होतात. हनुवटी छातीला टेकलेली. डोळे मिटलेले. मांडीवर वही, आणि बोट ओळीवर.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. लेक झालेली पोरगी घाबरून माझ्याकडे पाहत होती, आणि ती खरंच घाबरली आहे हे पाहून मला एकदम माझी माय आठवली, रुसून बसलेल्या माझ्याशी न बोलता माझ्यापुढं ताट सरकवणारी. मी खाली वाकले, भिंतीशी ठेवलेला पाट घेतला आणि तिच्यापुढं सरकवला. बस्स. ती बसली आणि खरीखुरी रडायला लागली. समोरच्या बायका रडायला लागल्या. पडदा ओढणाराही रडत होता, त्यामुळं पडदा अर्ध्यात अडकला.

लोक माझ्या पाया पडत होते आणि तुम्ही टेम्पोपाशी उभे राहून पाय आपटत होतात. "माह्यं वाक्य खाल्लं तू," तुम्ही म्हणालात. "दोन वर्षं लागले मले त्या वाक्याले. दोन वर्षं! आन् हिनं पाट सरकवला!"

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"झोपलोतो ना मी."

"सर, नाटक चालू असताना तुम्ही झोपला होतात?"

"मंग? कढी-भात खाल्लाता. डुलकी लागली."

तिथून आपला वाद सुरू झाला. माझं म्हणणं साधं होतं. झोपलेल्या माणसाचं बोट ओळीवर राहत नाही, घसरतं. तुमचं बोट बरोब्बर त्या तीन शब्दांवर होतं. म्हणजे तुम्ही जागे होतात. मी अडकले हे तुम्हाला दिसलं होतं, आणि आपलं सगळ्यात लाडकं वाक्य तोंडात धरून तुम्ही गप्प बसलात. का, तर हिचं हिला येईल असं तुम्हाला वाटलं म्हणून. हे एवढंच मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. "विमल, तुझ्यावर भरवसा होता," असं नाही म्हणालात तरी चाललं असतं. नुसतं "हौ, जागा होतो" म्हणालात तरी मी घरी जाऊन बुंदीचे लाडू वाटले असते.

तर तुम्ही म्हणालात, "बोट जागं असंल. मी झोपलोतो."

मी साक्षीदार आणला. पेटी वाजवणारे किसनभाऊ तुमच्या मागंच बसले होते. ते म्हणाले, "सरचे डोळे उघडे होते, मी पाह्यले." तुम्ही म्हणालात, "किसनले मोतीबिंदू आहे, त्याले पेटीचे सूर दिसत नाईत, माहे डोळे कुठून दिसतीन? आन् उघडे असले तरी काय? तीस वर्षं गणिताच्या तासाले पोरं उघड्या डोळ्यानं झोपलेले पाह्यले मी. त्याहिच्यापासूनच शिकलो." साक्षीदार तिथंच फुटला. दिवाळीला, लग्नात, माझ्या बढतीच्या पेढ्यांच्या वेळी, मनोजच्या वरातीत, मी विचारायचं आणि तुम्ही कढी-भात सांगायचं. पुढं पुढं कढीत वडेही आले, मग बुट्टीभर जिलबी आली. दर वर्षी तुमचं जेवण वाढत गेलं.

बिरस्यानंतर तुम्ही ते वाक्य इतक्या मोठ्यानं सांगायला लागलात की मागच्या रांगेतली माणसं "हौ, जेवतो" असं उत्तर द्यायची.

गेलं वर्ष मात्र अवघड होतं. ते विनोदी करून सांगायचा प्रयत्न केला तरी जमत नाही. तुम्ही बोलता बोलता थांबायला लागलात. वाक्याच्या मध्ये. आणि थांबलात की डावीकडे पाहायचात, जिथं विंग असते. पहिल्यांदा ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मी उजवीकडच्या खुर्चीत होते. दुसऱ्या दिवसापासून मी डावीकडे बसायला लागले. "ते पोरगं... आपल्या ह्याचं..." तुम्ही थांबायचात. मी हळूच म्हणायचे, "किसनभाऊंचं." "हौ, किसनचं," तुम्ही पुढं जायचात, जणू मध्ये काही झालंच नाही. काकूंचं नाव एकदा सांगावं लागलं. काकू समोरच होत्या. त्या उठून आत गेल्या आणि उगाच भांडी घासत बसल्या.

मी तुमचा प्रॉम्प्टर झाले होते, सर. आणि तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की मला सांगू नको, माझं मला येऊ दे. मला ते ऐकायला फार आवडलं असतं.

शेवटच्या भेटीत मी पुन्हा विचारलं. म्हटलं, सगळं विसरताय, निदान हे विसरण्याआधी खरं सांगा. "सर, बिरस्याला काय झालं होतं?" तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. मला वाटलं, गेलं, हेही गेलं. मग मिशीखालून हसलात आणि म्हणालात, "कढी-भात." स्वतःच्या लेकाचं लग्न कोणत्या साली झालं हे आठवत नव्हतं, पण हे आठवत होतं. इतका चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता पंधरवड्याचं सांगते. तेरवी झाल्यावर ठरलं की रविवारी दुपारी तीनला मिलच्या शेडमध्येच 'काठावरची माय' करायचं. शोकसभा नको, हे काकूंचं म्हणणं. "भाषणं करतीन आन् खोटं बोलतीन," त्या म्हणाल्या. माय मीच करणार, त्यात विचारायचं काय होतं? पण तुमची वही उघडली आणि घोळ कळला. ते अक्षर माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. 'म्हणून'च्या जागी तुम्ही गणितातले तीन ठिपके देता. सगळ्या मायलेकी तीन ठिपके देऊन भांडतात. म्हणजे मला विंगेत बसणं भाग. मग माय कोण?

"दीदी, मैं करूँ?" दारातून तुमची सून म्हणाली.

सीमा. जबलपूरकडची. पंधरा वर्षं तुमच्या घरात आहे, आणि पंधरा वर्षांत तुम्ही तिला नाटकात साधी मोलकरणीची दोन वाक्यं दिली नाहीत. ती मराठी बोलली की म्हणायचात, "सूनबाई, हे काय स्टेशनवरची घोषणा होऊन राह्यली का?" आम्ही हसायचो. मीही हसत होते, हे कबूल करते.

मी म्हटलं, "सीमा, सगळं मराठीत आहे गं."

"मेरे को पूरा याद है."

तिनं तिथंच, हातात पोळपाट घेऊन, पहिल्या प्रवेशापासून सुरुवात केली. तुम्ही घरी तालमीला वाचत होतात आणि ती आत पोळ्या लाटत होती, पंधरा वर्षं. तिला मायचं पाठ होतं, लेकीचं पाठ होतं, कुठं दिवा लावायचा आणि कुठं पडदा ओढायचा तेही पाठ होतं. तिला तुमचा खोकलाही पाठ होता सर. दुसऱ्या प्रवेशात "तुझा बाप असता तर" यानंतर तुम्ही नेहमी खोकायचात. तिला वाटलं तो नाटकातलाच आहे. ती बरोब्बर तिथं खोकली. मनोज उठून बाहेर गेला, आणि काकू म्हणाल्या, "राहू दे तो खोकला. काढू नको."

तुमचं चुकलं होतं, सर. हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. तिचं मराठी स्टेशनवरची घोषणा असेल, पण ती पंधरा वर्षं ऐकत होती आणि आपल्यापैकी कोणी तिला ऐकलं नाही.

नऊवारी मी तिच्या हातात दिली, सेफ्टी पिनांसकट. आणि दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तुम्ही माझ्याशी तसेच वागला होतात, हे तिसऱ्या दिवशी आठवलं आणि मग मी तिला पिना कुठं लावायच्या ते दाखवलं.

रविवारी मिलवाल्यानं तुमच्यासाठी यंत्र बंद ठेवलं. एवढ्या वर्षांत ती शेड मी पहिल्यांदाच शांत ऐकली. तरी सगळे सवयीनं ओरडूनच बोलत होते. काकू पहिल्या रांगेत होत्या आणि येणारा जाणारा त्यांना जरा जास्तच निरखून पाहत होता. मी डाव्या विंगेत तुमच्या स्टुलावर बसले. एक पाय आखूड आहे त्याचा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

नाटक झकास चाललं. मी सांगत होते, ती माझ्या आधी बोलत होती. शर्यत. "मेरे को मत बताओ ना," मध्यंतरात ती मला म्हणाली. मी म्हटलं, "माणूस विसरतो." आणि हे कोणाचं वाक्य आपण बोललो ते ऐकून स्वतःच दचकले.

शेवटचा प्रवेश. बँकेत नोकरी करणारी मुलगी लेक झाली होती. ती खांद्याला पिशवी लावून उंबऱ्यात उभी राहिली, म्हणाली, "येतो मी."

सीमा थांबली.

आधी वाटलं, मुद्दाम थांबली आहे. मग तिनं डावीकडे पाहिलं, आणि ते डोळे मी ओळखले. बिरस्याचे होते ते. रिकामे.

वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. बस. जेवून जा. ओठांच्या आत उभं होतं, दातांवर धडका देत होतं. विंगेत बसलेल्या माणसाला दुसरं कामच काय? माझ्या पायाचे अंगठे चपलेत वळले. तुम्हाला सांगते सर, पाट सरकवणं सोपं होतं. हे अवघड होतं. आणि ते वाक्य माझं तर नव्हतंही, दोन वर्षं घालून मी ते लिहिलं नव्हतं.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. तिच्याकडे पाहत राहिले असते तर माझ्या चेहऱ्यावरून तिनं वाक्य वाचलं असतं. आणि माझ्याकडे पाहत होती तोवर ती दुसरीकडे कुठं शोधणारही नव्हती. मग मला एकच गोष्ट सुचली. मी हनुवटी छातीला टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

यंत्र बंद होतं, त्यामुळं काहीच ऐकू येत नव्हतं. मग पावलं वाजली. मग पुढच्या रांगेतून काकूंचा हुंदका आला, तो मी कुठंही ओळखेन. डोळे उघडले तेव्हा सीमानं लेकीच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली होती आणि ती पोटाशी धरून घरात निघाली होती. एक शब्द न बोलता. लेक उंबऱ्यावरून आत आली. पडदा या वेळी नीट ओढला गेला, कारण तो मनोजनं ओढला आणि तो आधीच रडून मोकळा झाला होता.

लोक सीमाच्या भोवती जमले. किसनभाऊंनी, मोतीबिंदू काढल्यावर पहिल्यांदाच, तिला नीट पाहिलं आणि नमस्कार केला. तुमचं वाक्य पुन्हा खाल्लं गेलं सर, माफ करा. या नाटकाच्या नशिबात ते वाक्य दिसत नाही. काकू मात्र रोज म्हणतात, तेवढं समाधान माना.

गर्दी पांगल्यावर सीमा विंगेत आली. कुंकू विस्कटलेलं, पिशवी अजून हातात. कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"दीदी, आपने बताया काहे नहीं?"

खरं सांगायला काय हरकत होती? तुझ्यावर भरवसा होता, असं म्हणता आलं असतं. बावीस वर्षं जे मला ऐकायचं होतं ते मी तिला एका दमात देऊ शकत होते. पण तसं म्हटलं असतं तर तिचं ते थांबणं माझंही झालं असतं. उद्या लोकांनी तिचं कौतुक केलं की तिला वाटलं असतं, दीदींनी करून घेतलं. ते सगळं तिचं होतं. मला त्यातला तुकडा नको होता.

"झोप लागली होती गं," मी म्हटलं. "दुपारी कढी-भात खाल्ला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली, माझ्या मांडीवर. वही उघडी होती. बोट ओळीवर होतं.

मी झटकन बोट काढलं, पण उशीर झाला होता, सर. तिनं पाहिलं. आता ही बाई दर दिवाळीला मला विचारत बसणार. मला कढी-भाताचं प्रमाण आतापासूनच वाढवत न्यावं लागेल. वडे किती सांगायचे, तेवढं तरी सांगून जायचं होतं.